न उघडलेला समुद्र

सिंगापूरच्या जुरोंग ईस्टला एका कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये आमच्या मराठी मंडळींचा दिवाळी फराळ होता. हातात चिवड्याची डिश घेतलेले एक गृहस्थ, बंदरावरच्या कुठल्याशा कंपनीत मरीन इंजिनिअर, मला म्हणाले, "तुम्ही नक्की करता काय हो?" मी सांगितलं. गरीब देशांच्या कर्जाच्या बदल्यात त्यांनी आपला निसर्ग राखायचा, असे करार होतात. तो खरंच राखला जातोय का, हे उपग्रहावरून बघणारं सॉफ्टवेअर आमची कंपनी करते.

"वा! म्हणजे कर्जमाफी!" ते म्हणाले. "झाडं लावा, पैसे विसरा. फार पुण्याचं काम हो."

माझ्या तोंडात चकली होती म्हणून ते वाचले. नाहीतर माझं डोकं फिरायला हल्ली इतकंही पुरतं. पुण्याचं काम म्हणे. मागच्या वर्षापर्यंत मीही हेच बोलत होते. आईला फोनवर सांगायचे, नातेवाइकांना सांगायचे, मुलीच्या शाळेत पालकांच्या मीटिंगला सांगायचे. बँकेच्या कोडमध्ये बारा वर्षं घासल्यावर समुद्र वाचवायचं काम मिळालं, तेव्हा मला कोण आनंद झाला होता!

माफी वगैरे काही नसते. आपल्याकडे लोक होम लोन एका बँकेतून दुसऱ्या बँकेत नेतात, व्याज कमी पडतं म्हणून, तसलाच हा प्रकार. देशाचं जुनं महाग कर्ज कुणीतरी स्वस्तात सोडवून घेतं, नवं कमी व्याजाचं देतं, आणि वाचलेल्या पैशातला काही भाग समुद्र राखायला बाजूला ठेवायचा असतो. फक्त नवी बँक म्हणते, तुमच्या स्वयंपाकघरातल्या अमुक ओट्यावर यापुढे फोडणी द्यायची नाही, आणि आम्ही खिडकीतून बघत राहणार. दिलीत, तर व्याज वाढलं. ती खिडकी म्हणजे आम्ही.

कल्पना वाईट आहे असं मी आजही म्हणणार नाही. ज्या बेटांच्या देशाचं काम माझ्याकडे आहे, तिथे या पैशातून खारफुटी पुन्हा लावली गेली, परदेशी ट्रॉलर हाकलायला गस्तीची बोट आली. मी ती रोपं चित्रांत वाढताना पाहिलीत. म्हणून तर जास्त चीड येते. देशाचं नाव मी लिहीत नाही. करारात गोपनीयतेचं कलम आहे, आणि इथे राहायचा माझा एम्प्लॉयमेंट पास याच नोकरीवर आहे. नोकरी गेली तर यिशुनचा भाड्याचा फ्लॅट आणि मुलीची शाळा, सगळंच गुंडाळावं लागेल.

त्या देशाच्या मत्स्य खात्यातली एक अधिकारी ट्रेनिंगसाठी सिंगापूरला आली होती. करारावर सह्या होऊन थोडेच दिवस झाले होते. आमच्या सॉफ्टवेअरवर रोज कोण काय बघणार, हे तिला शिकवायचं काम माझ्याकडे होतं. साधारण माझ्याच वयाची, भरदार अंगाची, हसली की सगळी खोली हसायची. पहिल्याच सकाळी मी भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर नकाशा लावला. निळा समुद्र आणि त्यावर हिरव्या रेषांनी आखलेले कायमचे बंद भाग, जिथे कुणी कधीच मासे धरायचे नाहीत. ती उठली, स्क्रीनजवळ गेली आणि एका छोट्या हिरव्या तुकड्यावर तिनं बोट ठेवलं.

"हे आमच्या गावासमोरचं पाणी आहे," ती म्हणाली. आमचं बोलणं सगळं इंग्रजीत झालं, इथे मी मराठीत सांगतेय.

"हो का? छान!" मी म्हणाले. मला वाटलं तिला अभिमान वाटला. ती जागेवर जाऊन बसली आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याच तुकड्याकडे बघत राहिली.

आमचं ऑफिस तोआ पायोहला आहे. मी तिला खालच्या हॉकर सेंटरमध्ये घेऊन गेले आणि मोठ्या कौतुकानं फिश सूपच्या रांगेत उभी राहिले. बेटावरची बाई, मासा आवडणारच! तिनं मान हलवली. भात-भाजीच्या स्टॉलवर गेलो, तर तिथे तिनं कांगकाँगच्या पालेभाजीकडे बोट दाखवून विचारलं, यात बेलाचान आहे का? बेलाचान म्हणजे सुकट कुटून करतात तो मसाला. स्टॉलवरची आंटी इथल्या खास इंग्रजीत म्हणाली, "ऑफ कोर्स हॅव लाह!" तिनं ती भाजीही नको म्हटली. भात, कोबी आणि अंडं घेतलं.

"अ‍ॅलर्जी?" मी विचारलं.

"नाही. माझे वडील गेलेत," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. तिचे वडील गावाचे प्रमुख होते. तिच्याकडे प्रमुख गेला की गावासमोरचा समुद्र बंद करतात. पाण्यात काठ्या रोवून हद्द आखतात आणि तिथे कुणी जाळं टाकत नाही, गळ टाकत नाही. समुद्रानंही दुःख पाळायचं. साधारण वर्षानं गाव जमतं, काठ्या उपटतात, सगळ्या होड्या एकदम पाण्यात जातात. पहिला मासा गेलेल्याच्या बायकोला नेऊन देतात. तिनं तो सगळ्यांसमोर खाल्ला की सुतक फिटलं. तोवर घरातल्या कुणी समुद्रातलं काही खायचं नाही, आणि बायकोनं काळे कपडे घालून राहायचं, अंगणाच्या कुंपणाबाहेर पाऊल टाकायचं नाही.

"आई बसली आहे," ती म्हणाली. "आता चार-पाच महिने राहिलेत."

मला हे समजावून सांगावं लागलं नाही. माझे बाबा त्याच्या आदल्या वर्षी गेले. मला जेमतेम आठवड्याची रजा मिळाली, तेरावं व्हायच्या आत मी परत इथे. तेराव्याच्या गोड जेवणाला भावानं व्हिडिओ कॉल लावला. आईनं जिलबीचा तुकडा मोडून तोंडात घातला, आणि इतके दिवस दगडासारखी बसलेली आई त्या घासाबरोबर मोकळेपणी रडली. इकडे यिशुनला मी एकटीनं श्रीखंड खाल्लं. तो घास नसता तर आम्ही सगळे अजून तिथेच बसलेलो असतो, असं मला खरंच वाटतं.

"पण मग हा भाग नकाशात आला कसा?" मी विचारलं.

तेव्हा ती हसली, पण सकाळसारखं नाही. करारासाठी जागा निवडायला परदेशी तज्ज्ञांची तुकडी आली होती, ती नेमकी समुद्र बंद असताना. बुड्या मारून त्यांनी मासे मोजले. गावोगावच्या पाण्यापेक्षा इथे कितीतरी जास्त मासे! मोठमोठे, माणसाला न बुजणारे. का नसतील? कित्येक महिने कुणी हात लावला नव्हता. तज्ज्ञ खूश. त्यांनी लिहिलं, ही जागा अतिशय निरोगी आहे, ही कायमची बंद करावी.

"पण गावानं सांगितलं नाही त्यांना?"

"सांगितलं ना. पाहुणचार करून सांगितलं. त्यांनी अहवालात लिहिलं, स्थानिक लोक संवर्धनाला अनुकूल आहेत."

मी भाताचा घास तसाच खाली ठेवला. ती माणसं अडाणी नव्हती, लबाडही नव्हती. सगळी डॉक्टरेटवाली. दुखवटा बघून कुणीतरी म्हणावं, या घरात किती छान शांतता असते, ही कायम ठेवा, तसं झालं होतं. राजधानीतल्या मंत्रालयात नकाशावर सही झाली, तेव्हा ती वडिलांच्या सहा महिन्यांच्या विधीसाठी गावी होती.

"मला फक्त एक दिवस हवाय," ती म्हणाली. "उघडायचा दिवस. त्यानंतर हवं तर आम्ही पुन्हा काठ्या रोवू. गावाला मी शब्द दिलाय."

मी म्हणाले, मी बघते. मला तेव्हा खरंच सोपं वाटलं होतं. सॉफ्टवेअरमध्ये एका तुकड्याला एका दिवसापुरता अपवाद नोंदवायचा. वादळात होड्या आसऱ्याला येतात, त्यासाठी ती सोय आम्ही केलेलीच होती. माझ्या टीममधल्या कुणालाही चहा निवायच्या आत जमलं असतं.

आमचे डायरेक्टर मूळचे पार्ल्याचे. मीटिंगमध्ये कडक इंग्रजी, पण दार लावलं की मराठी. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, चष्मा पुसला.

"अगं, मला पटतंय. हंड्रेड पर्सेंट पटतंय," ते म्हणाले. "पण आपण कोण? आपण थर्मामीटर आहोत. ताप किती ते सांगायचं, औषध नाही द्यायचं."

"सर, थर्मामीटर चुकीच्या माणसाला लावलाय."

"ते ठरवायला कमिटी आहे ना. लिहून पाठव. मी फॉरवर्ड करतो."

मी लिहून पाठवलं. आणि मग जी टोलवाटोलवी सुरू झाली! कर्ज देणारी बँक म्हणाली, आमची हरकत नाही, निसर्गसंस्थेला विचारा. निसर्गसंस्था म्हणाली, आम्हाला परंपरांबद्दल नितांत आदर आहे, वकिलांना विचारा. वकील म्हणाले, करारात 'अखंड बंद' असा शब्द आहे, तो बदलायचा तर सगळ्या गुंतवणूकदारांची संमती लागेल, ती विचारायची का ते बँकेला विचारा. दर मीटिंगला मी तेच पहिल्यापासून सांगायचे. दर मीटिंगला कुणीतरी म्हणायचं, थँक यू फॉर शेअरिंग धिस. कसलं शेअरिंग? मी काय पाककृती वाटत होते?

एका मीटिंगमध्ये निसर्गसंस्थेच्या बाईंनी सादरीकरणाच्या पहिल्याच पानावर त्या देशातल्या लोकांचा नाचतानाचा फोटो लावला होता. फुलांच्या माळा, समुद्रात होड्या. खाली मथळा, लोक आणि निसर्ग एकत्र. मी विचारलं, हा फोटो कसला आहे? त्यांना माहीत नव्हतं. मत्स्य खात्यातली माझी मैत्रीण कॉलवर होती. ती म्हणाली, शेजारच्या बेटावरचा आहे, समुद्र उघडण्याच्या दिवसाचा. मग बाई म्हणाल्या, हाऊ ब्यूटिफुल, आणि पुढचं पान लावलं. मी माइक बंद करून मराठीत जे बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

घरी माझी चिडचिड वाढली. कुकरची शिट्टी झाली तरी अंगावर येऊ लागली. मुलगी माध्यमिक शाळेत आहे, तिला मराठी कळतं पण उत्तर कधी मराठीत येत नाही. तिनं एकदा विचारलं, काय झालंय? मी पोळ्या लाटता लाटता सांगितलं. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "वन डे ओन्ली लाह, मम्मा. जस्ट लेट देम फिश. व्हाय सो डिफिकल्ट?"

"ते तुला नाही कळायचं!" मी ओरडले. मग मलाच कळेना, यात न कळण्यासारखं होतं काय. तिला एका वाक्यात जे कळलं, ते बावीस माणसांच्या मेल-यादीला कळत नव्हतं. पोळी करपली ती करपलीच.

शेवटी कमिटीचं उत्तर आलं. फार सुंदर भाषेत होतं. समुदायाच्या भावना अत्यंत महत्त्वाच्या असून, त्यांचा विचार पहिल्या नियोजित फेरतपासणीत प्राधान्याने केला जाईल. फेरतपासणी दोन वर्षांनी. तोपर्यंत त्या पाण्यात होड्या दिसल्या तर उल्लंघन, आणि उल्लंघन म्हणजे अख्ख्या देशाचं व्याज वाढणार. डायरेक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावून म्हटलं, "बघ, प्राधान्याने म्हटलंय. हे काही कमी नाही." मी म्हटलं, "सर, तोंडाला पानं पुसलीत त्यांनी." ते म्हणाले, "अगं, तू फार मनाला लावून घेतेस."

मंत्रालयाचा माणूस होडीतून गावात गेला आणि सांगून आला की तुमच्या एका दिवसापायी सगळ्या देशाला भुर्दंड बसेल, दवाखान्यांचे पैसे जातील, लोक तुमच्या गावाच्या नावानं बोटं मोडतील. गाव जमलं. त्यात काय झालं ते मला मैत्रिणीनं दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलवर सांगितलं. माझी सकाळ, तिची दुपार. मागे पंख्याचा आवाज येत होता.

"गाव उघडत नाहीये," ती म्हणाली.

मला राहवलं नाही. मी नोकरीच्या विरुद्ध जाऊन बोलले. "ऐक. आमच्या सॉफ्टवेअरला होड्या दिसतात. माणसं दिसत नाहीत. ओहोटीला पाणी गुडघाभर असतं, तूच सांगितलंस. पायी जा. हातजाळी घेऊन जा. एक मासा आईला नेऊन द्या. इथे कुणाला काही कळणार नाही. मी सांगते ना."



"आईनं चोरून खायचा?" ती म्हणाली. "माझ्या वडिलांसाठी? दार लावून?"

माझ्या युक्तीची मलाच लाज वाटली. माझ्या आईला कुणी म्हटलं असतं की ती जिलबी न्हाणीघरात जाऊन खा, तर मी काय केलं असतं? "सॉरी," मी म्हणाले. ती म्हणाली, "तू चांगल्या मनानं म्हणालीस, मला माहीत आहे." हे तिनं म्हणायला नको होतं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

उघडायचा म्हणून ठरलेला दिवस आला. मी लवकरची एमआरटी पकडून ऑफिसला गेले, कुणी नसताना स्क्रीन लावला. त्या दिवशी तिथे ढग नव्हता. उपग्रहाचं चित्र इतकं स्वच्छ आलं की किनाऱ्यावर ओळीनं ओढून ठेवलेल्या होड्या दिसत होत्या. सगळ्या वाळूवर. पाण्यात एकही नाही. चित्राशेजारी आमच्या सॉफ्टवेअरनं आपोआप हिरवी खूण उमटवली. ती खूण मीच निवडली होती, रंगसुद्धा माझाच.

तिमाही संपली, त्या देशाच्या सगळ्या बंद भागांत एकही उल्लंघन नव्हतं. डायरेक्टरांनी पॅन्डानचा हिरवा केक मागवला. सगळे पॅन्ट्रीत जमले, टाळ्या झाल्या. माझ्या हातात डिश देत ते हळूच मराठीत म्हणाले, "चल, राग सोड आता. तोंड गोड कर."

मी ती डिश तशीच टेबलावर ठेवली आणि जागेवर जाऊन बसले. पॅन्ट्रीतून हसण्याचा आवाज येत होता. मी तिमाहीचा अहवाल उघडला आणि लिहिलं, अनुपालन समाधानकारक. दुसरं लिहायला त्यात जागाच नाही. मी बनवलेल्या त्या सगळ्या रकान्यांत, समुद्र का शांत आहे हे विचारणारा एकही रकाना नाही. बांधताना मला तो सुचला नाही, आणि आता घालायचा म्हटलं तर कमिटीला विचारावं लागेल.

या वर्षी ती पुन्हा ट्रेनिंगला आली. थोडी वाळली होती. दुपारी आम्ही त्याच हॉकर सेंटरमध्ये गेलो. मी तिला विचारलं नाही, सरळ भात-भाजीच्या स्टॉलकडे वळले. आंटीनं तिच्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, "यू, नो बेलाचान, राइट?" रोज शेकडो माणसांना जेवायला घालणाऱ्या आंटीनं लक्षात ठेवलं होतं. ती म्हणाली, "राइट." भात, कोबी आणि अंडं.

आम्ही बसलो. पंखे घरघरत होते, शेजारच्या टेबलावर कुणीतरी माशाचं डोकं चोखून खात होतं. ती शांतपणे जेवत होती. मी विचारलं, आई कशी आहे?

"अंगणात असते. कोंबड्यांशी बोलते. परवा माझ्या भाचीचं लग्न झालं, कुंपणाच्या आतून बघितलं तिनं." मग म्हणाली, "ती तुला विचारत होती. म्हणजे तुमच्या लोकांना."

"काय?"

"तब्येत बरी नाही तिची. ती म्हणते, मी गेले तर गावानं माझ्यासाठीसुद्धा समुद्र बंद करायला हवा, प्रमुखाची बायको आहे मी. पण तो आधीच बंद आहे. मग माझ्यासाठी गाव काय बंद करणार?"

तिनं अंड्याचा तुकडा मोडला आणि माझ्याकडे बघत राहिली. तिला खरंच उत्तर हवं होतं, आईला सांगायला.